धामणीच्या पोटावरचे डाग

आंधळगावात सर्पमित्र म्हटलं की धनीराम हेडाऊ. पेपरात फोटो येतो तो त्याचा, शाळेत पंधरा ऑगस्टला शाल-नारळ मिळतं ते त्याला, आणि वरठीच्या कारखान्यात पाळी सुरू असताना फोन आला तर साहेबापुढे जाऊन सुट्टी मागायची हिंमतही त्यालाच. खरं सांगायचं तर साप धरायला दोन मिनिटं लागतात. गर्दी जमते, मोबाईल निघतात, धनीराम छाती फुगवतो, झालं. त्यानंतर घरी तास-दीड तास जे काम चालतं ते पाहायला कोणी थांबत नाही. धनीरामची बायको शकुनबाई त्या सापाला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासते. ही गोष्ट तिची आहे. धनीरामनं राग मानू नये, त्याच्या वाट्याला पेपर आहेत.

शकुनबाई कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणते. तिचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि दिवसभर धोटा फेकायचा. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं पाय खाली सोडले तर काहीतरी गार सरकलं. दुसरी एखादी असती तर तिनं आळी गोळा केली असती. हिनं पाय वर घेतले, मांडी घातली आणि खड्ड्यात वाकून पाहत बसली. धनीराम तेव्हा नवा नवा शिकत होता. त्यानं खड्ड्यात उतरून धामण धरली आणि ती पोत्यात घालणार, तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा जरा. मले मोजू द्या."

"काय मोजतं?"

"धागे."

धागे कसले, खवले होते ते. पण सगळी हयात ज्या बाईनं उभे धागे मोजले तिला दुसरं काय दिसणार? तिनं बोटाच्या टोकानं पोटाच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत ओळी मोजल्या. सतरा भरल्या. मग शेपटीच्या अलीकडे मोजल्या तर चौदाच. मधल्या तीन ओळी गेल्या कुठं? मागावर तीन धागे हरवले तर शकुनबाई जेवायला उठत नाही. धनीरामचा हात भरून आला, धामण फूत्कारायला लागली, तरी ही एक एक ओळ धरून पुढं पुढं जात राहिली. शेवटी सापडलं. एका जागी दोन ओळी मिळून त्यांची एक होत होती, मग थोड्या अंतरावर पुन्हा तसंच. "हे पाहा, इथं दोनाचा एक केला," असं ती अशा आनंदानं म्हणाली की जणू शेजारच्या विणकराची युक्तीच हाती लागली.

तेव्हापासून घरी आलेला साप तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय रानात जात नाही. विषारी साप ती हाताळत नाही, तेवढी अक्कल तिला आहे. तो काचेच्या पेटीत ठेवून, खालून आरसा धरून पाहते. बिनविषारी असला की धनीराम डोकं धरतो आणि ही बोटं फिरवते. डोक्याकडून शेपटीकडे बोट नेलं तर ते न अडकता गेलं पाहिजे. कुठं अडकलं तर तिथं खवल्याखाली गोचीड बसलेली असते. डोळ्याच्या कडेला बारीक काळे ठिपके चालताना दिसले तर ते किडे. शेपटीच्या टोकाशी जुनी कात बांगडीसारखी अडकून राहिली तर रक्त थांबतं आणि टोक सुकून गळतं. पोटावरचे रुंद खवले कोरडे, घट्ट आणि एकावर एक नीट बसलेले हवेत. हे तिला कोणी शिकवलं नाही. पाहिलं, विचारलं, पुन्हा पाहिलं.

शेजारची बायजाबाई मात्र गावभर सांगत सुटते, "शकुननं साप पाळले वं बाई." पाळायची तर सोयच नाही, कायद्यानं गुन्हा आहे तो. धड साप त्याच दिवशी सोडायचा. जखमी असला तर वनखात्याला कळवायचं, त्यांची परवानगी असेल तितकेच दिवस ठेवायचा. वनरक्षक अंजू मॅडम मोहाडीहून मोटारसायकलवर येते, रजिस्टरमध्ये लिहिते, सही घेते. सही धनीरामची, कारण वनखात्याचं ओळखपत्राचं कार्ड धनीरामचं.

यंदा दिवाळी झाली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला आणि भैय्यालालच्या वाडीतून फोन आला. भैय्यालालनं वांग्यांना कोंबड्यांपासून वाचवायला माशांची जुनी जाळी बांधली होती. त्या जाळीत धामण अडकली. सहा-सात फुटांची, भरदार. सुटायला जितकी धडपडली तितका नायलॉनचा धागा अंगात रुतला. धनीरामनं कात्रीनं एक एक धागा कापून ती मोकळी केली. मधोमध, अंगाला पूर्ण वेढा घालून दोन बोटं रुंद जखम झाली होती. भैय्यालाल हात जोडून म्हणाला, "वाचवा गा तिले. ते गेली तं उंदरं मह्या कोठीत एक दाना ठेवत नाई."

अंजू आली, तिनं फोनवर जनावरांच्या डॉक्टरांना जखम दाखवली. डॉक्टर म्हणाले, जखम वरवरची आहे, धुवून स्वच्छ ठेवा, मलम लावा, पाच-सहा दिवसांनी बघू. मलम भंडाऱ्याहून आणायचं होतं. धनीराम म्हणाला, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी पाळी बदलली. तिसऱ्या दिवशी विसरला. नवरे कसे विसरतात ते वाचणाऱ्या बायांना सांगायला नको.

इकडे धामण लाकडी पेटीत उघडी जखम घेऊन पडलेली. शकुनबाईला राहवेना. तिच्या माहेरी बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली की मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून त्यात हळद घालून लावतात. आठ दिवसांत खांदा साफ. तिच्या बापानं कितीतरी बैल असे बरे केले होते. तिनं तेच तेल लावलं, चांगलं सढळ हातानं. आणि सापाला गारवा आवडतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून पेटीच्या तळाला पोतं ओलं करून अंथरलं. रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडत होती. मनापासून करत होती हो.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं धामण बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी अंजू यायची होती आणि धामण सुटायची होती. आता ती हाताला सरावली होती, डोकं धरावं लागत नव्हतं. जखम वरून कोरडी दिसली. शकुनबाई खूश झाली. सवयीनं तिनं पोटाखालून बोटं फिरवली आणि बोट अडकलं.

तिनं धामण उजेडाकडे वळवली. पोटाच्या पिवळसर खवल्यांवर तपकिरी डाग होते. दोन-तीन खवल्यांच्या कडा उचललेल्या, एका खवल्याखाली पाण्याचा बारीक फोड. नखानं हळूच दाबून पाहिलं तर मऊ लागलं. वास घेतला. आंबूस होता. ज्या दिवशी आणली त्या दिवशी तिनं हेच पोट शेपटीपर्यंत तपासलं होतं. तेव्हा एक डाग नव्हता.

मग हे आलं कुठून? जाळीतून म्हणावं तर जाळी अंगाभोवती होती, डाग नुसते पोटाला. रक्तातला रोग म्हणावा तर पाठीवरही दिसला असता. ती पेटीशेजारी फतकल मारून बसली आणि डाग मोजायला लागली. पहिला पट्टा मानेच्या खाली वीतभर अंतरावर. मग स्वच्छ जागा. मग दुसरा पट्टा. पुन्हा स्वच्छ. मग तिसरा. तिनं वितीनं मोजलं. अंतर जवळपास सारखंच.

आता विणणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. कापडावर उभी रेघ पडली तर उभा धागा बिघडलेला असतो, आडवी पडली तर धोट्यातला. पण डाग एकसारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा उमटत असेल तर धाग्याचा दोष नसतो. कापड ज्या रुळावर गुंडाळलं जातं तो रूळ मळका असतो, आणि प्रत्येक वेढ्याला तोच मळ कापडाला लागतो. शकुनबाईनं धामण पेटीत ठेवली. धामणीनं नेहमीसारखं वेटोळं घातलं. प्रत्येक वेढ्याचा खालचा भाग त्याच ओल्या पोत्यावर टेकला, आणि जखमेवरचं तेल ओघळून जिथं साचलं होतं तिथं डाग सगळ्यांत गडद होते.

 पोतं तिनंच भिजवलं होतं. तेल तिनंच लावलं होतं. जाळीतून वाचलेली धामण तिच्या हातानं सडत होती. तिनं पोतं ओढून अंगणात फेकलं, पेटी फडक्यानं कोरडी केली, आणि मग तिथंच बसून पदरानं डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी धनीराम पाळीवरून आला. तिनं चहाही न देता त्याला पेटीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं पाहिलं, मान खाजवली.

"पोटालेच हाये ना? पाठ चांगली दिसून राहिली. उद्या सोडून देऊ."

"अशी?"

"मंग कशी? साप काय उताना होऊन दाखवते? मॅडम वरून पाहीन, सही घेईन, निघून जाईन. डिसेंबरात मह्या कार्डाची मुदत संपून राहिली. हे लिवलं तं वनखात्याचा साहेब नवीन कार्ड देईन का मले?" थोडं थांबून तो हळू म्हणाला, "मलमही मीच नाई आणलं."

 शकुनबाईला त्याचा राग आला नाही, हे विशेष. कार्ड गेलं तर हा माणूस आतून खचेल हे तिला ठाऊक होतं. कारखान्यात तो हजार माणसांतला एक, साप धरताना तेवढा धनीराम. पण धामण सोडली तर काय होणार तेही तिला दिसत होतं. थंडी पडायला लागली होती. भैय्यालालच्या धुऱ्यातल्या, म्हणजे शेताच्या बांधातल्या, ओलसर बिळात ती वेटोळं घालून बसणार, डाग पसरणार, महिन्याभरात मरणार. आणि कोणालाच कळणार नाही. तिला तेच सोसेना. कोणी बोल लावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं, पण इथं बोल लावायला कोणी नव्हतंच.

सकाळी अंजू आली. धनीरामनं स्वतः चहा केला, इतका गोड की तिथंच संशय यावा. हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, कारखान्यात कोण कोणाशी भांडलं ते सांगितलं. अंजूनं पेटीत डोकावलं.

"छान दिसून राहिली की काकू. जखमही सुकली. चला, सोडून देऊ." तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"लिवू नका मॅडम," शकुनबाई म्हणाली.

धनीरामनं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. धामण उचलून हातावर घेतली, पोट वर केलं आणि अंजूच्या समोर धरली. अंजूनं वाकून पाहिलं, चेहरा उतरला.

"हे कशानं झालं?"

"माह्यानं." मग तिनं पोतं, पाणी, हळद, टोरीचं तेल, सगळं क्रमानं सांगितलं. मलमाचं मात्र बोलली नाही. धनीराम भिंतीकडे पाहत उभा होता. तो वळून म्हणाला, "मलम मले आणाचं होतं. मी नाई आणलं."

अंजूनं सगळं लिहून घेतलं. अकरा वर्षांत शकुनबाईचं नाव पहिल्यांदा त्या रजिस्टरमध्ये आलं ते हे असं, चुकांच्या रकान्यात. डॉक्टरांना व्हिडिओवर पोट दाखवलं. ते आधी चिडले, सापाला तेल लावायचं कोणी सांगितलं म्हणाले. मग विचारलं, हे दिसलं कुणाला? अंजूनं सांगितल्यावर थोडे थंडावले. वेळेत दिसलं म्हणाले. खवल्यांची सड आतल्या मांसात उतरली असती तर हातात काही राहिलं नसतं. धामण उपचारांना नागपूरला पाठवायची गरज नाही, पण आता मी सांगेन तेच आणि तेवढंच करायचं. तेल कोमट पाण्यानं पुसून काढायचं. तळाला कोरडा कागद, रोज बदलायचा. आयोडीनचं औषध पातळ करून डाग धुवायचे, सुकवायचे, मग मलम. पेटीच्या बाहेर एका कडेला बल्ब, म्हणजे ऊब राहील. आणि रोज फोटो.

जाताना अंजू धनीरामला म्हणाली, "कार्डाचं साहेब ठरवतीन. तवपर्यंत साप धराले जाऊ नका, काका." त्यानं मान हलवली.

दोन दिवस शकुनबाईनं धामण एकटीनंच धुतली. फोन वाजायचा, धनीराम म्हणायचा, "मी नाई येऊ शकत, मोहाडीच्या माणसाले सांगा," आणि फोन ठेवून अंगणात चकरा मारायचा. तिसऱ्या दिवशी तो पाळीवरून आला तो कॅन्टीनमधल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. गठ्ठा त्यानं पेटीशेजारी ठेवला आणि स्वतः खाली बसला. त्यातल्या एखाद्या पानावर त्याचाच फोटो असणार, पण त्यानं पानं उलटून पाहिली नाहीत. "धरू का?" त्यानं विचारलं.

तिथून पुढं तो रोज धामण धरायचा आणि शकुनबाई धुवायची. अकरा वर्षं त्यानं साप धरले होते, पण एकही साप असा पाहिला नव्हता. पहिले काही दिवस तो इकडे तिकडे पाहत बसला. मग एक दिवस म्हणाला, "हे कायचं वं, हा खवला दुसऱ्यापेक्षा मोठा काहून हाये?" तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ओळी मोजल्या. सोळा आल्या. शकुनबाईनं पुन्हा मोजायला लावल्या. तेव्हा कुठं सतरा भरल्या, आणि त्याला शाळेत पास झाल्यासारखं वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसलं.

डाग आधी काळे पडले. शकुनबाई घाबरली, पण डॉक्टर म्हणाले, सुकत आहेत. फोड बसला. मग पंधरा-सोळा दिवसांनी धामणीनं उंदीर घ्यायचं सोडलं, अंग फिकं पडलं आणि डोळे दुधाळ झाले. धनीराम हबकला. "आंधळी झाली का काय?"

"कात टाकाची तयारी हाये ते," शकुनबाई म्हणाली. "आता हात लावू नका. आता तिचं तिले करू द्या." बोलली खरी, पण स्वतः दर तासाला मागावरून उठून पेटीशी जायची. विणकामात चार जागी चूक झाली, चारही वेळा उसवून पुन्हा विणलं. कात नीट सुटली तर डाग कातीबरोबर जाणार होते. डागाच्या जागी कात चिकटून फाटली तर पुन्हा पहिल्यापासून.

बाविसाव्या दिवशी सकाळी पेटीत कात पडलेली होती. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. पोटाच्या बाजूला तपकिरी डाग जसेच्या तसे तिच्यात उतरले होते. शकुनबाईनं कात बाजूला ठेवली, धामण उचलली आणि पोट पाहिलं. पिवळसर, चकचकीत, साफ. तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही.

सोडायला तिघं गेली. भैय्यालालच्या वाडीतली जाळी निघाली होती, तिथं आता तुराट्यांचा कूड होता. धुऱ्यावर ऊन आलं होतं. अंजूनं रजिस्टर उघडून लिहिलं आणि सवयीनं वाचून दाखवलं, "धामण पूर्ण बरी. अंगावर कोणतीही खूण नाही."

"थांबा जरा," शकुनबाई म्हणाली. तिनं पोटावरून बोटं एकदा शेवटची फिरवली. जिथं तेल सगळ्यांत जास्त साचलं होतं तिथं, एका खवल्यापाशी, बोट अगदी थोडं अडकलं. तिनं तो उन्हात धरला. खवला निरोगी होता, घट्ट होता, पण त्याची कड वाकडी भरून आली होती. "एक हाये. वाकडा राहिला. त्यानं तिचं काही अडत नाई, पण हाये."

अंजूनं वाकून पाहिलं. "मले तं दिसतही नाई काकू. जाऊ द्या ना. उगाच साहेबाच्या डोळ्यात येईन. काकाच्या कार्डाचा कागद अजून त्यायच्या टेबलावरच हाये." तिनं रजिस्टर मिटायला घेतलं.

धामणीचं डोकं धरून बसलेल्या धनीरामनं मान वर केली. "लिवा मॅडम," तो म्हणाला. "तिच्या बोटाले लागला म्हंजे तो हायेच."

अंजूनं लिहिलेली ओळ खोडली आणि तिच्याखाली नवी लिहिली. धनीरामनं हात सैल केला. धामण त्याच्या मनगटावरून खाली उतरली, धुऱ्याच्या कडेनं सरकली आणि गवतात शिरली.